एकेचाळीस नंबरच्या बाई

हे खरं आहे. पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या. मी कोणासमोर शपथा घेत बसणार नाही.

जे घडलं ते माझ्या सख्ख्या मामा-मामीच्या बाबतीत घडलं. आणि रात्री नाही. एप्रिलमधल्या शेवटच्या गुरुवारी, दुपारी पावणेचारला, दिवे लावलेल्या हॉलमध्ये, साठ-सत्तर माणसांदेखत. भुताला अंधारच लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांचं मला कौतुक वाटतं.

माझे दिवस भरत आलेत. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. अशा दिवसांत असलं काही डोक्यात आणू नये हे मलाही कळतं. आईनं पाहिलं तर हातातून फोनच काढून घेईल. पण काल मामी आली आणि जे सांगायचं राहिलं होतं तेही सांगून गेली. आता हे लिहून काढल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

तर, मामा लिलाव पुकारायचा. जुन्या वस्तूंचा. चांदीची भांडी, लंबकाची घड्याळं, शिसवी कपाटं, चिनी मातीच्या बाहुल्या... कुठे एखादं म्हातारं माणूस गेलं, घर मोकळं करायचं झालं, की सामान ट्रकमध्ये भरून हॉलवर यायचं. दर गुरुवारी दुपारी दोनला लिलाव. मामा उंच मेजामागे उभा, हातात लाकडी हातोडी. सौदा करायच्या आधी दोनदा खाकरायची त्याला सवय होती.

खालच्या टेबलाशी मामी. कुठली वस्तू कोणत्या नंबरच्या माणसाला गेली ते लिहून घ्यायचं काम तिचं. तीस वर्षं दोघांनी एकाच डब्यातलं खाल्लं आणि एकाच स्कूटरवरून घर गाठलं. मूल झालं नाही. त्या विषयावर त्या घरात बोलायचं नाही, हे आम्हा भाचरांना न सांगता कळलेलं होतं.

मामाची एक खोड होती. खोड कसली, लबाडीच.

चांगल्या वस्तूला बोली चढेनाशी झाली की तो शेवटच्या रांगेकडे बघायचा. तिथे खांबाआड एक खुर्ची होती. खांबामुळे पुढचं काही दिसायचंच नाही, म्हणून तिथे कुणी बसायचं नाही. त्या रिकाम्या खुर्चीकडे हातोडी रोखून मामा म्हणायचा, "मागच्या बाई... आठ हजार!"

पुढचे लोक माना वळवायचे. त्यांना खांब दिसायचा. मग इरेला पेटून कोणीतरी नऊ म्हणायचं. बाई कधीच जिंकायच्या नाहीत. मामा त्यांना वेळेवर गप्प करायचा.

घरी जाताना मामी चिडवायची, "आज तुमच्या बाई फार बोलल्या हो! माझ्यापेक्षा त्यांचंच जास्त ऐकता तुम्ही."

"बरी आहे बिचारी," मामा म्हणायचा. "तुझ्यासारखी रुसत नाही, काही मागत नाही."

आणि मग मामीनं एक गाढवपणा केला. शब्द तिचाच.

हॉलच्या मालकांनी कागद तपासायला घेतले होते. बोली लावणारा प्रत्येक माणूस रजिस्टरमध्ये असायलाच हवा, असा नियम. मामाची लबाडी उघडी पडू नये म्हणून मामीनं एक ओळ घुसडून दिली. नंबर एकेचाळीस. नाव, बाई. पत्ता, शेवटची रांग. लिहिताना तिला हसू आवरत नव्हतं म्हणे.

हे झालं मागच्या वर्षीच्या नोव्हेंबरात.

त्याच आठवड्यात भिंतीवरचं एक जुनं घड्याळ लिलावाला आलं. बंद पडलेलं, आतलं यंत्रच काढून टाकलेलं. मामानं सवयीनं मागच्या बाईंना चढवलं. समोरचा फर्निचरवाला अचानक हातातली नंबराची पाटी खाली ठेवून मोकळा झाला. बोली बाईंवर अडकली. असं झालं तर वस्तू मागे घ्यायची, एवढं साधं होतं. मामानं तसं म्हणायला तोंड उघडलं...

आणि हातोडी पडली.

"एकेचाळीस नंबर," मामा म्हणाला.

मामीनं चमकून वर पाहिलं. "अहो, काय हे?"

"हात निसटला गं," तो पुटपुटला.

विकलेला माल पंधरा दिवसांत गोदामातून उचलायचा, असा तिथला दुसरा नियम. पंधराव्या दिवशी घड्याळ गोदामातून गेलं. कुलूप जसंच्या तसं. गोदामवाला म्हातारा, तीस वर्षांत साधा चमचा हरवू न दिलेला. पोरांच्या शपथा खात होता. त्याच्या वहीत सहीच्या जागी अंगठा उठला होता. शाई नाही. नुसता कागद तेवढा ओला.

पुढच्या गुरुवारी लिलाव चालू असताना मामीला मागून आवाज आला.

टिक... टिक... टिक...

ज्या घड्याळात यंत्रच नव्हतं, त्याचा.

त्यानंतर मामानं लबाडी सोडली. कानाला खडा लावला. पण मागच्या बाई काही थांबल्या नाहीत. बोली चालू असताना मामाचं तोंड आपोआप उघडायचं आणि त्यांचा आकडा बाहेर पडायचा.

"अहो, पुरे करा ना आता," मामी काकुळतीला यायची.

"मी नाही गं... मी तिकडे बघतसुद्धा नव्हतो."

आरशाचं टेबल गेलं. चांदीचा कंगवा गेला. मोठा पलंग. दोन खुर्च्या. दोन चांदीची ताटं, दोन पेले. प्रत्येक वस्तू बरोबर पंधराव्या दिवशी उचलली जायची आणि वहीत ओला अंगठा. मालकांना चोरीचा संशय. पोलीस आले, बघून गेले.

एका रविवारी मामी भाजी निवडत बसली होती. शेजारी यादी. ती वरून खाली वाचली आणि तिच्या हातातली सुरी थांबली.

"संसार मांडतायत त्या," ती म्हणाली. "सगळं दोघांचं घेतलंय."

"म्हणजे आता फक्त नवरा तेवढा घ्यायचा राहिला," मामा म्हणाला.

त्याला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. मग त्याचंही हसू गेलं.

त्याच आठवड्यात त्यानं राजीनामा दिला. एप्रिलचा शेवटचा गुरुवार हा त्याचा शेवटचा लिलाव ठरला. त्या हॉलची एक पद्धत होती. लिलाववाला निवृत्त झाला की शेवटची वस्तू म्हणून त्याची हातोडी विकायची. घरच्या माणसानं शंभर रुपयांना घ्यायची. दुसरं कुणी बोली लावायची नाही. टाळ्या, चहा, संपलं. मामी नको म्हणत होती. मालक म्हणाले, "वहिनी, हौस आहे आमची. नाही म्हणू नका."

पहिल्यांदाच मामी पुढच्या रांगेत बसली. नवी पाटी. सात नंबर. तिच्या टेबलाशी कॅशियर बसला होता.

"शेवटची वस्तू," मामा म्हणाला आणि हातोडी वर धरून दाखवली. "ही."

लोक हसले. मामीनं पाटी वर केली. "शंभर!"

मामा दोनदा खाकरला. "शंभर, एक वार... शंभर, दोन वार..."

टिक.

मामाची नजर वर गेली. हॉलच्या टोकाला.

"मागच्या बाई... दोनशे."

हॉलमध्ये खसखस पिकली. सगळ्यांना वाटलं मामा जाता जाता गंमत करतोय. मामीच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. तिनं पाचशे म्हटलं. मागच्या बाईंनी हजार. तिनं दहा हजार. त्यांनी वीस. बँकेत होतं नव्हतं ते सगळं मामी बोलून बसली. मग राहतं घर बोलली. हॉल हसत होता आणि ती पाटी धरून रडत होती.

"अहो, पाडा ना हातोडी! माझ्यावर पाडा!"

मामानं दोन्ही हातांनी हातोडी धरली. ती खाली आणायला जीव खाऊन जोर लावला. कपाळावरून घाम गळत होता. हातोडी हवेतच. मग त्यानं मान खाली घातली.

"मागच्या बाई," तो म्हणाला. पुढे आकडा नव्हताच.

हातोडी पडली.

कॅशियरनं वर बघत विचारलं, "हे एकेचाळीस कोण हो?"

मामीनं वळून पाहिलं. खांबाआडची खुर्ची रिकामी होती. पण शेजारची खुर्ची कोणीतरी ओढून तिला चिकटून ठेवली होती.

हातोडी तिनं गोदामात जाऊ दिली नाही. नॅपकिनमध्ये गुंडाळून घरी आणली, लोखंडी कपाटात कोंडली, किल्ली कमरेला खोचली. दुसऱ्या दिवशी हॉलवर जाऊन रजिस्टरचं ते पान फाडून आणलं आणि गॅसवर जाळलं. मग दिवस मोजायला लागली. मामाला तिनं दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून बसली.

"मीच दिला तिला नंबर," ती सारखी म्हणायची. "नाव नाही, गाव नाही, आणि मी रजिस्टरात बसवलं तिला."

"अगं, तीस वर्षं हाका मी मारल्या," मामा म्हणाला. "आता आली तर तिचं काय चुकलं?"

"मला तुमच्याशिवाय जमणार नाही हो."

"मला कुठे जमणार आहे?" असं म्हणून तो लहान मुलासारखा रडला. मामाला रडताना मामीनं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पंधरावा दिवस शुक्रवार होता.

दुपारी दोघं सोफ्यावर बसली. टीव्ही लावलेला, आवाज मोठा. मामीनं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरलेला. साडेतीन वाजले. मग पावणेचार झाले.

टिक... स्वयंपाकघरातून.

टिक... बोळातून.

टिक... सोफ्याच्या मागून.

मामीनं डोळे मिटून घेतले. मामानं तिचा हात दाबला. तिनंही दाबला. किती वेळ गेला कोण जाणे.

मग आवाज थांबला.

"गेली वाटतं," मामी म्हणाली. "अहो... गेली."

मामा बोलला नाही.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर धावत आले. तपासलं. हृदय बंद पडलं, म्हणाले. जाऊन तास तरी झालाय.

"तास कसा होईल?" मामी म्हणाली. "आत्ता हात दाबला ना त्यांनी माझा."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि तिला पाणी द्यायला सांगितलं.

कपाट तिनं संध्याकाळी उघडलं. किल्ली कमरेलाच होती. आत नॅपकिन नीट घडी करून ठेवलेला. ओला. हातोडी नव्हती.

एवढं आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. कोणाला पटलं, कोणाला नाही. माझा नवरा म्हणाला, मामींच्या मनावर परिणाम झाला. आईनं विषयच बंद केला.

काल मामीनं पुढचं सांगितलं.

सहा महिने ती त्या रस्त्यालाही फिरकली नव्हती. पण मामाचा चष्मा मेजाच्या खणात राहिला होता. तो आणायला ती मागच्याच्या मागच्या गुरुवारी गेली. लिलाव चालू होता. नवा लिलाववाला परगावचा, सरळ माणूस. जुन्या भानगडींतलं त्याला काही ठाऊक नाही. मामी दारातच थांबली.

समोर एक पाळणा होता. शिसवी, चांदीच्या घुंगरांचा.

नव्या माणसानं मान उंचावून शेवटच्या रांगेकडे पाहिलं. अगदी सहज म्हणाला,

"मागचं जोडपं... बारा हजार."

मामीनं आत डोकावून पाहिलं. खांबाआड दोन खुर्च्या. दोन्ही रिकाम्या. आणि त्या दोन खुर्च्यांमधून कोणीतरी खाकरलं. दोनदा.

तीस वर्षं ऐकलेला आवाज. तो ओळखायला तिला डोळे लागत नाहीत.

"मग तू बोली नाही लावलीस?" मी विचारलं.

"लावली गं. ओरडले मी. तो म्हणाला, बाई, तुमच्याकडे नंबर नाही." मामीनं पदर तोंडाला लावला. "त्यांच्यावरच हातोडी पाडली त्यानं. चष्मा तिथेच राहिला."

मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

मग तिनं विचारलं, "तारीख कधीची दिलीय तुला?"

"येत्या शुक्रवारची."

तिनं बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. माझ्या पोटावर हात ठेवून अंधार पडेपर्यंत तशीच बसून राहिली.

लिलाव होऊन आज बारा दिवस झाले. पंधरावा शुक्रवारी. आत्ताच मामीचा फोन येऊन गेला. गोदामवाल्याला विचारलं तिनं. पाळणा अजून तिथेच आहे. उद्या सकाळी पुन्हा विचारते म्हणाली.