पुढचे दोन शनिवार

"अहो बुवा, जरा हात उचला की! घड तोडताय का बाळाला न्हाऊ घालताय?"

शलाका हे अगदी मोठ्याने म्हणाली. आपलं बोलणं इथे कुणाला कळणार नाही, याची तिला खात्री होती. एकटं राहणाऱ्या माणसाला अशी सवय लागते. फोरबर्गच्या छोट्या घरात ती कुकरशी बोलायची, लायडनच्या ऑफिसात प्रिंटरशी बोलायची, आणि सगळं मराठीतच.

वेलीच्या पलीकडची कात्री थांबली. पानांच्या फटीतून दोन डोळे दिसले... हसरे, थोडे ओशाळलेले.

"बाळाला न्हाऊ घालायला याहून कमी वेळ लागतो," पलीकडून उत्तर आलं. स्वच्छ मराठीत!

शलाकाच्या हातातला घड खाली पडला.

हॉलंडमध्ये द्राक्षं पिकतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पण देशाच्या अगदी दक्षिणेच्या टोकाला, मास्ट्रिख्त नावाच्या जुन्या शहराबाहेर, उतारावर द्राक्षांच्या बागा आहेत. तिथे वाइन करतात. सप्टेंबरात तोडणी सुरू झाली की मळ्याची मालकीण मारियान हौशी लोकांना मदतीला बोलावते. दिवसभर घड तोडायचे आणि दुपारी सगळ्यांनी एका लांब टेबलावर सूप-पाव खायचा. शलाका त्या टेबलासाठीच आली होती. सात वर्षांपूर्वी ती नवऱ्याच्या नोकरीमागून या देशात आली. तीन वर्षांपूर्वी दोघं भांडणतंटा न करता वेगळे झाले, आणि तेव्हापासून तिच्या टेबलावर एकच ताट असायचं.

ओळीच्या दोन बाजूंना दोन माणसं आणि दोघांत एकच क्रेट, अशी इथली पद्धत. हा सरकेना, म्हणून तिलाही सरकता येत नव्हतं.

"मी निहार. आर्नहेमला असतो. गाव दिंडोरी, घरची द्राक्षबाग आहे."

"बाग आहे, तरी इतके हळू?"

"म्हणूनच हळू! मण्यावरची ही पांढरट साय बघा. बोट लागलं की पुसली जाते. आमच्याकडे घड नेहमी देठाला धरायचा, खराब मणी कात्रीने काढायचा, मग अलगद ठेवायचा. नाहीतर बाबा ओरडतात."

तेवढ्यात मारियान आली आणि त्यांच्या क्रेटमध्ये वाकून बघत इंग्रजीत म्हणाली, "निहार, किती सुंदर मांडलेस रे! तासाभरात मी हे सगळं चिरडणार आहे."

शलाका हसत सुटली. इतकी की तिला वेलीच्या खांबाला धरावं लागलं. आपलं हसू एवढं मोठं आहे, हे ती विसरूनच गेली होती.

संध्याकाळी दोघं शहरात गेले. दगडी गल्ल्या नुकत्या भिजून चकाकत होत्या. एका खिडकीशी बसून त्यांनी व्लाय खाल्ला. म्हणजे खाली मऊ पोळी आणि वर जर्दाळूंचा गोड थर.

"साटोरीची डच बहीण," निहार म्हणाला.

"साटोरीने ऐकलं तर बोलणं सोडेल तुमच्याशी."

"तुम्ही नाही ना सोडणार?"

शलाकाने उत्तराऐवजी चमचा चाटला... आणि मग लाजली.

रस्त्यावर आल्यावर तो थांबला. त्याला रात्री इथेच मित्राकडे राहायचं होतं. तिला गाडी पकडायची होती.

"पुढच्या शनिवारी भेटायचं?"

'हो' तिच्या ओठांवर होतं. पण या देशात 'उद्या ये' असं कुणी म्हणत नाही. मैत्रिणीकडे चहाला जायचं तरी महिनाभर आधी ठरतं. ज्याचे शनिवार भरलेले, त्याचं आयुष्य भरलेलं. आणि लगेच 'हो' म्हटलं तर याला कळेल, की आपल्याकडे कुणी येत नाही, आपण कुठे जात नाही...

"पुढचे दोन शनिवार जरा जमणार नाही," ती म्हणाली. "त्यानंतरचा?"

निहारने बोटांवर काहीतरी मोजलं. मग मान हलवून म्हणाला, "चालेल."

पहिल्या शनिवारी शलाकाने पडदे धुतले. वाळल्यावर इस्त्री केली. खिडकीबाहेर कालव्यात बदकं फिरत होती, तीही जोडीनेच. तिने दोनदा फोन हातात घेतला. व्यस्त माणूस मध्येच कसा फोन करेल? तिने तो उपडा ठेवला आणि कुकरला म्हणाली, "तू तरी शिट्टी वाजव रे."

दुसऱ्या शनिवारी सकाळी मारियानचा मेसेज आला. 'आज शेवटची तोडणी. निहार बुधवारी कायमचा भारतात, घरी जातोय, म्हणून जेवणही आहे. तू येशील ना?'

शलाकाने तो पुन्हा वाचला. बुधवारी. म्हणजे ज्या शनिवारी ते भेटणार होते, त्याच्या आधीच. हे त्याला तेव्हाही ठाऊक असणार... तरी तो 'चालेल' म्हणाला?

फोरबर्गहून गाडीला अडीच-तीन तास लागतात. त्या दिवशी रुळांचं काम निघालं होतं, मध्ये बसने जावं लागलं. ती मळ्यावर पोहोचली, तेव्हा ओळी रिकाम्या झाल्या होत्या आणि टेबल पुसून झालं होतं.

"तो आत्ताच नदीकडे गेला," मारियान म्हणाली आणि तिच्याकडे नीट बघून पुढे म्हणाली, "धाव."

मास नदीवरच्या जुन्या दगडी पुलावर तो कठड्याला टेकून उभा होता. बारीक पाऊस पडत होता. ती धापा टाकत समोर आली.

"तुम्ही... तुम्ही सांगितलं का नाही?"

निहार दचकला. मग हळूच म्हणाला, "तुम्ही कामात होतात."

"'चालेल' का म्हणालात मग?"

"नाही म्हटलं असतं, तर तिथेच संपलं असतं. चालेल म्हटल्यावर निदान दोन आठवडे वाटत राहिलं, की आपल्याला कुणाला तरी भेटायचंय."

शलाकाने ओल्या बाहीने कपाळ पुसलं. आत्ता नाही सांगितलं, तर बुधवारनंतर सांगायला समोर माणूसच नसेल.

"मला काही काम नव्हतं," ती म्हणाली. "मागच्या शनिवारी मी पडदे धुतले. स्वच्छ होते, तरी धुतले. मला कुणी बोलावत नाही निहार, आणि हे तुम्हाला कळू नये म्हणून... मी खोटं बोलले."

पुलावरून सायकली जात राहिल्या.

"हसा ना."

"कशाला हसू? मी रोज जेवताना आईला व्हिडिओ कॉल लावतो. समोर माणूस दिसल्याशिवाय घास जात नाही. तिला सांगतो, तुझी आठवण येते म्हणून."

"येत नाही?"

"येते हो. पण रोज एवढी नाही."

दोघंही हसले, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"थांबा असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही गेलात की मला फार वाईट वाटेल. एवढंच सांगायला आले."

"एवढंच?"

"...नाही. तुम्ही मला आवडता."

निहारने कठड्यावरचा तिचा गार हात आपल्या हातात घेतला. अगदी पटकन घेतला.

"विमानाचं तिकीट पुढे ढकलावं, असं फार वाटलं होतं," तो म्हणाला. "पण कुणासाठी ढकलू? तुमच्याकडे तर वेळच नव्हता. आता नाही ढकलता येणार. घरी छाटणी ठरलीय, माणसं सांगून झालीत, आणि बाबांचा गुडघा... मला जावं लागेल, शलाका."

"हो," ती म्हणाली. रडू आलं, तरी तिने हात सोडवून घेतला नाही.

चर्चची घंटा वाजू लागली.

"उद्या रविवार," निहार म्हणाला. "उद्या तुम्ही काय करताय?"

"काही नाही. सकाळपासून काही नाही."

"मग सकाळीच तुमच्याकडे येतो."

"किती वाजता?"

"तुम्ही उठाल तेव्हा."

"बघा हं..." शलाका डोळे पुसत म्हणाली, "मी फार लवकर उठते."