झेंडूखालची लाल पट्टी

"अहो, उतरा खाली!"

ऋतुजाने हाक मारली तेव्हा वायरमन अभिमन्यू शिडीच्या पार टोकावर उभा राहून पंख्याची वायर जोडत होता. चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून तिचा तो दुसराच दिवस. खाली गुळगुळीत फरशी, शिडी धरायला कुणी नाही... तिने धावत जाऊन दोन्ही हातांनी शिडी धरली.

"धरलीय न्हवं तुमी? मग कशाला उतरू?" वरून त्याचं माढ्याकडचं मोकळं हसू आलं.

"हसू नका. एक हात कायम शिडीवर हवा."

"मग स्क्रू कोन पिळंल... तुमी?"

तो उतरला तेव्हा त्याच्या केसांत कापसाचा पांढरा रुवा अडकला होता. तो काढावा असं तिला वाटलं, आणि मग स्वतःचाच राग आला.

तिने चिठ्ठी सुरू केली. काम काय, जागा कुठली, धोका कोणता, शिडी कोण धरणार, हे लिहिल्याशिवाय चढायचं नाही. बाकीच्यांच्या बाबतीत पालथ्या घड्यावर पाणी! अभिमन्यू मात्र रोज चिठ्ठी आणायचा आणि शेवटच्या रकान्यात न विचारता तिचंच नाव लिहायचा.

"दुसरं कुणी मिळत नाही?"

"मिळतंय की. पर ती तंबाखू मळाया शिडी सोडत्यात."

ती नाक मुरडायची. जायची मात्र रोज.

खंडेनवमीच्या सकाळी जुन्या लाकडी शिडीची पायरी तडकलेली दिसली. ऋतुजाने तिला 'वापरू नये' अशी लाल पट्टी बांधली. दुपारी हत्यारांची पूजा झाली, यंत्रांना आणि शिड्यांना झेंडूचे हार चढले. दसऱ्याची सुट्टी संपली आणि म्हातारे फिटर गुरप्पा त्याच शिडीवर चढले. दुसरीच पायरी मोडली. पाय मुरगळला, जिवावरचं पायावर निभावलं.

"पट्टी होती तर कुणाला दिसली कशी नाही?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं. ऋतुजाची नोकरी अजून कच्ची होती. पक्की करायचं पत्र समोरच होतं, ते त्यांनी बाजूला सारलं.

"मला दिसली हुती," दारातून अभिमन्यू म्हणाला. त्याच्या हातात सुकलेला हार होता आणि हारात गुंतलेली लाल पट्टी. "पूजेला 'वापरू नये' अशुभ दिसत हुतं, म्हनून मीच तिच्यावर हार घातला. चूक माजी हाय, साहेब. मॅडमची न्हाय."

त्याला हार घालताना कुणी पाहिलं नव्हतं. गप्प बसला असता तरी चाललं असतं... ते जाणवलं आणि ऋतुजाचे डोळे भरून आले.

पत्रावर सही झाली. अभिमन्यूला महिनाभर शिडी बंद.

"गुरप्पांचं डोकं फुटलं असतं," ती बाहेर येऊन रागाने म्हणाली.

"व्हय. घास उतरत न्हाय मला." महिनाभर गुरप्पांचा डबा त्यानेच पोचवला.

महिना संपला त्या सकाळी अभिमन्यूने तिच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. काम – आईशी गाठ घालून देणे. जागा – माढा, रविवारी. धोका – आई लगेच लग्नाचं काढेल. शेवटचा रकाना कोरा.

"इथे तर न विचारताच लिहायचात की."

"तवा शिडीचं काम हुतं." त्याने पेन तिच्यापुढे सरकवलं. "ह्ये... तुमचं तुमी लिवायचं. न्हाय लिवलं तरी चालंल."

तिने चिठ्ठी दोनदा वाचली. मग पेन उचलून शांतपणे स्वतःचं नाव लिहिलं, खाली सही केली.

"आणि अभिमन्यू... मोटरसायकलवर जायचं तर हेल्मेट दोन आणायची."