जुन्या उंबरापासून दोनशे मीटर

ओल्मान मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो रस्त्याच्या कडेला उभा राहून मीठ लावलेला कच्चा आंबा खात होता, आणि मी त्याच्यावर खेकसले होते.

खेकसायला कारणही तसंच होतं. मागच्या सीटवर फ्लोरमावशीच्या मांडीवर, वरून उघड्या खोक्यात, माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचा केक होता. दुधात भिजवलेला, वर पांढरंशुभ्र क्रीम. केम्बली सहा वर्षांची असताना मी तिला शब्द दिला होता, तुझ्या लग्नाचा केक मीच करणार. केपोसला माझी बेकरी आहे. तिथून समुद्रकाठाने निघालो, वाटेतला चार्जर बंद निघाला, आणि सान इसिद्रोत शिरलो तेव्हा गाडीची बॅटरी शेवटचे आचके देत होती. पुढे अख्खा डोंगर चढायचा होता. त्याचं नावच मुळी मृत्यूचा डोंगर! पलीकडे सांता मारियाच्या चर्चमध्ये चार वाजता लग्न. "विजेच्या गाडीतून केक आणतेस? म्हणजे बारशाला पोचेल," असं आई आठवडाभर ऐकवत होती.

फोनवर जलद चार्जरचा पत्ता होता: जुन्या उंबरापासून दोनशे मीटर दक्षिणेला. आमच्याकडे पत्ते असेच. रस्त्याचं नाव कुणी विचारत नाही, सांगत नाही. खूण सांगायची, आणि ती खूण जितकी नाहीशी झालेली तितका पत्ता पक्का.

"अहो, जुना उंबर कुठे आहे?" मी काच खाली करून विचारलं.

"उंबर? तो पडला."

"कधी?"

"माझ्या जन्माआधी."

"मग तुम्हाला कसा माहीत?"

"सगळ्यांनाच माहीत आहे. पेर्ला थिएटरच्या समोर होता."

"आणि थिएटर कुठे आहे?"

"ते जळलं."

"देवा रे! या गावात काही उभं तरी आहे का?" मी खेकसले.

"मी आहे ना," तो म्हणाला. आणि हसला. हसताना त्याचा एक गाल आंब्याने फुगलेला होता, तरी… तरी मला ते हसू आवडलं. राग आला होता, म्हणून कबूल केलं नाही इतकंच.

त्याचीही गाडी विजेचीच निघाली, आणि तीही उपाशी. "माझ्या मागून या," म्हणाला. आम्ही गेलो. गल्ली, बोळ, पूल, पुन्हा गल्ली… आणि तो थांबला एका शवपेट्यांच्या दुकानासमोर.

मावशीने छातीवर क्रुसाची खूण केली.

ओल्मान गाडीतून उतरून कपाळावर हात मारत आला. "चुकलं माझं! उंबर दोन होते. हा आमच्या आळीतला, वादळात पडला तो. चार्जरवाल्यांचा उंबर पलीकडचा. रस्ता रुंद करताना तोडला तो."

"दोन्ही उंबर नाहीत, तरी चुकलास कसा रे?" मावशीने विचारलं.

"मावशी, असते तर चुकलो असतो का?"

मी वीज वाचवायला गाडीतला गारवा बंद केला होता, आणि क्रीमला घाम फुटायला लागला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने पाहिलं. तो कोपऱ्यावरच्या खानावळीत शिरला आणि बर्फाच्या पिशव्या घेऊन आला. एकेक पिशवी फडक्यात गुंडाळून त्याने खोक्याभोवती रचली, हलक्या हाताने, बाळाला उशा लावाव्यात तशी. मी त्या हातांकडे बघत राहिले. चूक झाल्यावर सबबी सांगणारी माणसं मी खूप पाहिली होती. बर्फ आणणारा हा पहिलाच.

चार्जर सापडला एकदाचा. पण चालू तोंड एकच, आणि ओल्मानची गाडी पुढे. त्याने ती मागे घेतली.

"अहो, तुमचा नंबर आधी आहे."

"मी भावाच्या गाईंना लस टोचायला निघालोय. गाई काही घड्याळ बघत बसलेल्या नाहीत. लावा तुम्ही."

मी तार जोडली. आकडे भराभर चढायला लागले आणि माझा जीव भांड्यात पडला. त्याने शहाळं आणलं, नळ्या दोन.

"दुसरं शहाळं नव्हतं?" मी विचारलं.

"होतं की," तो म्हणाला.

मी मान खाली घालून पाणी प्यायले. कान मात्र तापले होते.

निघायच्या वेळी मावशीने नवीनच सांगितलं. डोंगराच्या वळणांवर तिला मळमळतं, ती पुढे बसणार, डोळे मिटून. मग केक कोण धरणार? आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मग दोघींनी त्याच्याकडे.

"तुमची गाडी?" मी म्हटलं.

"राहील इथेच. उद्या बसने येईन."

"आणि गाई?"

"गाईंना आनंदच होईल."

डोंगरावर धुकं उतरलं होतं. वळणामागून वळण, आणि बॅटरीचा आकडा वितळत चाललेला. मी आरशात पाहत होते. ओल्मान पाय रोवून, श्वास धरून बसला होता, दोन्ही हात खोक्याला. एका वळणावर समोरून ट्रक आला, मी करकचून ब्रेक दाबला, मागून "अरे!" ऐकू आलं.

"पडला?"

"नाही… पण माझा अंगठा आत गेला."

माथ्यावर पोचलो तेव्हा बॅटरीत नावापुरतं काही उरलं होतं. मग उतार लागला, आणि आकडा उलटा, वर चढायला लागला. उतरताना ही गाडी स्वतःच थोडी भरते, हे मला ठाऊक होतं. तरी त्या दिवशी मला ते कौतुकाचं वाटलं.

"बोलत का नाही तुम्ही?" मी आरशाला विचारलं.

"बोललो तर हात हलतात."

"काय बोलणार होतात?"

"हेच की… तुम्ही गाडी फार छान चालवता. आणि रागावता त्याहून छान."

"मी झोपलेय," मावशी डोळे मिटूनच म्हणाली. "चालू द्या."

चर्चच्या दारात पोचलो तेव्हा घंटा वाजत होती. केम्बली पांढऱ्या झग्यात धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. आईने गाडीकडे पाहिलं, केककडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली.

लग्न लागलं. केक कापायला सगळे जमले. केम्बलीने सुरी उचलली आणि थबकली. क्रीमच्या कडेला एक खोल, गोल खळगा होता.

"ताई, हा अंगठा कुणाचा गं?"

"माझ्या माणसाचा," मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं ते. ऐकलं तेव्हा मलाच कळलं की ते खरं आहे. ओल्मान मागे बशा वाटायला उभा होता. त्याने हातातल्या बशा टेबलावर ठेवल्या.

"कुणाचा म्हणालात?" त्याने हळूच विचारलं.

"ऐकलंत ना!"

"ऐकलं. पण… पुन्हा एकदा सांगा ना."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी मोठ्याने, आईला ऐकू जाईल असं.