शून्य घेताना

आमची डबी साबणाच्या वडीएवढी आहे. पट्ट्याने पोटावर बांधायची, जरा वेळ स्वस्थ बसायचं, की अंगात पोटॅशियम किती आहे ते ती सांगते. पोटॅशियम प्रत्येकाच्या अंगात असतं आणि त्यातलं किंचित आपणहून किरणं सोडत असतं. ती किरणं मोजली की स्नायू किती उरलेत याचा अंदाज येतो. आजाराने झडत चाललेल्या माणसाला सुई टोचावी लागत नाही. पूर्वी याला लोखंडी भिंतींची खोली आणि कपाटाएवढं यंत्र लागायचं. मी ते साबणाच्या वडीत बसवलं. फुशारकी वाटत असेल तर वाटू दे, फुशारकीच आहे.

आमचा कारखाना म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत माझा मावसभाऊ सोल्डरिंग करत बसतो. त्याला घरात सगळे शंकेखोर म्हणतात, कारण वाफाळता चहाही तो बोट लावून गरम असल्याची खात्री करून घेतो. आतली खोली मोजणीची. शिशाच्या पत्र्याने मढवलेली, एक टेबल, एक खुर्ची आणि ढकलताना खांदा लावावा लागेल असं दार. रोज सकाळी तिथे आधी शून्य घ्यायचं. म्हणजे खोली रिकामी करायची आणि कोणी नसताना डबीला जे काही दिसतं ते शून्य धरायचं. त्या वेळी एखादा माणूस आत राहिला, तर तोही शून्यात धरला जातो आणि दिवसभराची मापं चुकतात.

हा आत राहणारा माणूस म्हणजे बाबा. त्यांनी जन्मभर शिवणकाम केलं. दुकान बंद केल्यावर रोज माझ्याबरोबर यायला लागले. बोटांना शिवणयंत्राच्या तेलाचा वास कायमचा चिकटलेला. डबीचा पट्टा त्यांनीच शिवला, दुहेरी टाक्याचा. पहिलं माप त्यांचंच घेतलं आणि मग रोज घेत गेलो. अंगाने किडकिडीत, त्यामुळे माप यायचं अडुसष्ट. "अजून अडुसष्टच ना? मग पास," म्हणत ते शर्ट खाली ओढायचे. सायकलवाल्याला, डॉक्टरला, रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगायचे, "माझ्या लेकीने माणूस मोजायचं यंत्र काढलंय." मी लाजल्यासारखं करायची, पण मनातून गुदगुल्या व्हायच्या.

"बाबा, शून्य घेतेय. बाहेर व्हा जरा. मी बोलावते," असं म्हटलं की ते निमूट उठून दाराबाहेर उभे राहायचे. मी "या" म्हटल्याशिवाय पाऊल आत टाकायचे नाहीत. एकदा कामाच्या नादात मी बोलवायलाच विसरले. जेवणाची वेळ टळून गेल्यावर बाहेर आले, तर हे दारालगत उभे. शेजारी स्टूल होतं, त्यावरही बसले नव्हते.

"अहो बाबा, दार तर केव्हाचं उघडं होतं."

"तू बोलावलं नाहीस," ते म्हणाले.

या गोष्टीवरून शंकेखोर आम्हाला वर्षभर चिडवत राहिला.

थंडी सरता सरता बाबा गेले, झोपेतच. डबीची सरकारी तपासणी तोंडावर आली होती. पास झाली तर ती दवाखान्यांत जाणार, नापास झाली तर इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी. मी डोळे पुसले आणि कामावर आले.

पहिल्याच सकाळी शून्य बसेना. रिकाम्या खोलीत डबी रोजच्यापेक्षा जास्तीचं काहीतरी मोजत होती.

शंकेखोराने बॅटरी बदलली, तारा बदलल्या, किरणं टिपणारा स्फटिक नवा बसवला. केळ्यांतही पोटॅशियम असतं म्हणून त्याने स्वतःचा डबासुद्धा जिन्यात नेऊन ठेवला. काडीचा फरक पडला नाही.

"भिंतींच्या सिमेंटमधून येत असेल, ताई," तो शेवटी म्हणाला. "तपासणीच्या लोखंडी खोलीत बसेल बघ."

"बसेल," मी म्हणाले.

तो जास्तीचा आकडा किती, ते मी त्याला सांगितलं नाही. डबी दारापाशी धरली की तो पुसट व्हायचा, खुर्चीजवळ नेली की ठाम उभा राहायचा. अडुसष्ट. मला भीती वाटली नाही, राग आला. मी शिकलीसवरलेली बाई, रिकाम्या खुर्चीशी काय बोलणार होते?

तपासणीची इमारत मोठी, स्वच्छ आणि गार होती. लांब कॉरिडॉर, त्याच्या टोकाला लोखंडी खोली, दाराबाहेर एक लाकडी बाक. तपासनीस बाईंनी डबी आत खुर्चीवर ठेवली, दार लावलं आणि बाहेरच्या पडद्यावर बराच वेळ नजर रोखून राहिल्या.

"सकाळी आमचं शून्य स्वच्छ होतं," त्या म्हणाल्या. "तुमची डबी आत गेल्यापासून आमचं मोठं यंत्रही जास्त दाखवतंय. डबीलाच काहीतरी लागलेलं दिसतंय. अजून एकदा बघते. नाहीच जमलं तर नापास लिहावं लागेल."

शंकेखोराचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पट्टा जरा सरळ करून येते," मी म्हणाले.

आत एक दिवा होता. तेलाचा मंद वास येत होता. लोखंडी खोलीत तो असणारच.

मी पट्ट्याच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. दाराकडे पाठ केली आणि अगदी हळू म्हणाले, "बाबा, शून्य घेतेय. बाहेर व्हा जरा. मी बोलावते."

बाहेर पडताना दार मी लगेच लावलं नाही. एक माणूस जाईल इतका वेळ धरून ठेवलं.

शून्य बसलं.

मग डबीने जे काही केलं ते मी जन्मभर सांगत राहीन. त्यांनी धडधाकट माणसं बसवली, आजारी माणसं बसवली, मुद्दाम फसवे नमुने ठेवले. साबणाची वडी कपाटाच्या तोडीस तोड निघाली. तपासनीस बाई चष्मा काढून म्हणाल्या, "इतकं लहान आणि इतकं अचूक मी पाहिलेलं नाही." शंकेखोर चारचौघांत रडला. आम्ही एकमेकांना टाळ्या देत, हसत, धावतपळत त्या इमारतीतून निघालो.

आता डबी दवाखान्यादवाखान्यांत आहे. आमच्या खोलीत शून्य एका दमात बसतं. बाबा सुखाने गेले, असं मी मनाशी म्हणून टाकलं होतं.

काल दुपारी तपासनीस बाईंचा फोन आला.

"तुमच्या डबीची तक्रार नाही," त्या म्हणाल्या. "उलट तिच्यामुळेच कळलं. तुमची तपासणी झाल्यापासून आमच्या खोलीबाहेर कॉरिडॉरमध्ये जास्तीचं माप येतंय. फरशी बदलली, रंग खरवडला. तुम्हाला असा काही अनुभव आहे का?"

मला माझंच वाक्य आठवलं. मी बोलावते.

"बाकावर येतं?" मी विचारलं.

"नाही, दारालगत. दार दिवसभर उघडं ठेवून पाहिलं, तरी आत काही येत नाही. सुरुवातीला अडुसष्ट होतं. रोज थोडं उतरतंय. आज त्रेपन्न आहे."