आट्यांचा कनेक्टर

ही ऐकीव गोष्ट नाही. त्या घरात आम्ही तिघं होतो आणि तिघंही आज हयात आहोत. कुणाला पटली नाही तर माझी हरकत नाही. मलाच अजून पुरती पटलेली नाही.

गेल्या वर्षीचा एक रविवार. रात्र वगैरे नाही, दुपारचे पावणेचार. ताईचं तिसऱ्या मजल्यावरचं घर, बाहेरची खोली.

दाजी अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये वायरलेसवर बसले. घरी जीव रमेना, म्हणून त्यांनी स्कॅनर घेतला. स्कॅनर म्हणजे नुसता ऐकायचा रेडिओ, त्यातून बोलता येत नाही. जुन्या दलाची बोलणी कानावर पडली की झालं, स्वारी खूश.

अँटेना घरातच, खिडकीच्या गजाला बांधायची होती. तिथून टेबलापर्यंत कोअ‍ॅक्स, म्हणजे टीव्हीच्या केबलसारखी वायर. काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं, कारण वीस वर्षं मी अशाच वायरी जोडतोय.

कनेक्टर घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "घरातल्या घरात आहे ना? मग पाव फेऱ्याचा घ्या. कुणी वायरीत अडकलं तर पटकन सुटतो."

"मला नका शिकवू," मी म्हणालो. दीडशहाणपणा आमच्या घराण्यातच आहे.

मी आट्यांचा घेतला. सहा-सात फेरे देऊन आवळायचा. सेट टेबलाला स्क्रूने पक्का बसवला, कनेक्टर लावला, वर पक्कडही मारली.

दाजी बघत होते. "मेव्हणेबुवा, हत्ती बांधताय का?"

"उद्या खरखर आली तर मलाच बोलाल."

वायर जरा जास्तच झाली होती. पायात येऊ नये म्हणून दाजींनी तिचा वेढा गळ्यात अडकवला. "तू ते टोक धर," म्हणाले. वायरीचं काम करणारे सगळे असंच करतात. मीही करतो. त्यामुळे त्यात काही वावगं वाटलं नाही.

दाजी टेबलाशी खुर्चीत, मी त्यांच्या पाठीमागे खिडकीशी. वायरीचं मोकळं टोक माझ्या हातात. ताई स्वयंपाकघरात.

दाजींनी सेट चालू केला. सूं असा आवाज आला. अँटेना जोडायची होती, तेव्हा दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

मग तो आवाज थांबला...

डोक्यावर पंखा फिरत होता. त्याचाही आवाज येईना.

सेटमधून कुणीतरी खोकलं. धुरात कोंडलेला माणूस खोकतो तसं.

"कंट्रोल... दोर ओढा."

दाजींनी आवाज लगेच ओळखला.

"हा गेलाय," ते म्हणाले. "बारा वर्षं झाली. आमचाच जवान. गोदामाच्या आगीत कमरेला दोर बांधून आत गेला होता. दोर ओढा, दोर ओढा म्हणत होता. मी बाहेरच्यांना थांबा म्हटलं. छत कोसळत होतं रे. ओढायला पुढे गेलेले चार जण मेले असते."

"कंट्रोल... दोर ओढा."

दाजींच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "थांबा."

पलीकडे ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. तरी उत्तर आलं.

"आता नाही."

वायर ताणली गेली.

दाजी खुर्चीसकट मागे आदळले. डोकं फरशीवर आपटलं. खालचा ओठ दातांनी फाटला आणि सदऱ्यावर रक्त सांडलं. वेढा मानेत रुतत गेला. ते नखांनी स्वतःचाच गळा ओरबाडत होते, कातडी निघाली तरी बोट आत शिरत नव्हतं. डोळे लाल, जीभ बाहेर. पाय फरशीवर आपटत होते.

सेट एकच गोष्ट म्हणत होता. ओढा... ओढा... ओढा...

मला आठवतं ते असं. मी हातातलं टोक टाकलं आणि टेबलाकडे धावलो. कनेक्टर फिरवू लागलो. हलेना. पक्कड सापडेना. बोटांची सालं निघाली. एक फेरा सुटला, दुसरा सुटला...

तेवढ्यात ताई कात्री घेऊन आली आणि तिनं वायर कापली.

दाजी वाचले. पण गळ्यातलं काहीतरी कायमचं चिरडलं गेलं. त्यांना आता बोलता येत नाही.

पोलिसांना ताईनं अपघात सांगितला. मला मात्र चार दिवसांनी दवाखान्याच्या जिन्यात तिनं गाठलं.

"खरं सांग. तू सोडवत होतास की ओढत होतास?"

"हे काय विचारतेस? मी टेबलाशी होतो."

"तू खिडकीशी होतास," ताई म्हणाली. "एक पाय भिंतीला लावून. वायर दोन्ही हातांना गुंडाळलेली. मी ओरडले तरी तुझं लक्ष नव्हतं."

मला तिचा राग आला. ताईच्या घरी जाऊन सेट पाहिला. कनेक्टर एक फेराही सुटलेला नव्हता. माझ्या दोन्ही तळव्यांवर आडवे काळेनिळे वळ होते. चार दिवस मी ते बघत होतो आणि कशाचे असतील असा प्रश्नही मला पडला नव्हता.

शेवटी मी दाजींच्या पाया पडलो आणि विचारलं, खरं काय घडलं?

त्यांनी वही घेतली. मग लिहिलं, "तुझा दोष नाही. तू हुकूम पाळलास."

मी अजून त्या घरी जातो. ताई चहा देते, चौकशी करते. फक्त मला दाजींच्या पाठीमागे बसू देत नाही. मीही तिथे बसत नाही.