नाकारायचं कसं

लातूरच्या इंग्रजी क्लासच्या जिन्यात बसून तनुजा निबंध लिहीत होती आणि मागून कुणीतरी हसलं. वळून पाहिलं तर हातात हेल्मेट घेतलेला एक उंच मुलगा, नजर थेट तिच्या कागदावर.

"लग्न झालंय तुमचं?"

"न्हाई. का?"

"मग ते लपवल्याचं का लिहिलंय?"

ती चाकूरची. नर्सिंग झालेलं, परदेशात नोकरी हवी होती, त्यासाठी इंग्रजीची परीक्षा. निबंधाचा विषय होता आयुष्यातला अवघड निर्णय. विसाव्या वर्षी घरच्यांनी ठरवलेलं लग्न तिनं भर बैठकीत नाकारलं होतं. तेच लिहिलं होतं — 'आय डिनाइड द मॅरेज.'

तो खालच्या पायरीवर टेकला. मराठीत दोन्हीला नाकारणंच म्हणतात, त्यानं सांगितलं, पण डिनाय म्हणजे झालेलं झालंच नाही म्हणणं. करणार नाही म्हणून तोंडावर सांगणं, ते रिफ्यूज. तनुजानं शब्द खोडला, नवा लिहिला आणि हात पुढं केला. "हसायला लई येतं तुम्हाला. आता तुमचा निबंध दाखवा." त्यात तिनं इतक्या चुका काढल्या, की तो स्वतःवरच हसत सुटला.

हा संगमेश उदगीरचा, वडिलांचं तिथं कापडाचं दुकान. मग क्लास सुटला की रोजचा चहा ठरला. तो लवकरच अगं-तुगंवर आला. ती मात्र अहोच म्हणायची... मुद्दाम. म्हटलं की त्याचे कान लाल व्हायचे.

एका दुपारी चहाच्या टपरीवरच त्याच्या वडिलांचा, अप्पांचा फोन आला. कुणीतरी दोघांना पाहिलं होतं. तनुजा समोर उभी असताना संगमेश म्हणाला, "न्हाई अप्पा, तसं काही न्हाई. कोण पोरगी?"

तिनं कप खाली ठेवला. "याला डिनाय म्हणतात. तुम्हीच शिकवलं."

तो समाजाचं सांगू लागला, थोडे दिवस थांब म्हणाला.

"मी एकटी असून बोलले होते," ती म्हणाली. "तुम्हाला मी सोबत असून जमंना?" आणि निघून गेली.

पुढचे काही दिवस तो क्लासला आला नाही. आला तेव्हा डोळे जागरणानं सुजलेले. अप्पांनी आणलेलं निलंग्याचं स्थळ त्यानं तोंडावर नाकारलं होतं, तिचं नाव घेऊन. अप्पा भडकले होते, पोरीला समोर आण म्हणाले होते.

"येशील?"

"गाडी काढा."

उदगीरच्या दुकानात अप्पा, म्हणजे रेवणप्पा, गल्ल्यावर बसले होते. तिला त्यांनी बस म्हटलं नाही.

"समाज वेगळा हाय आपला. घरच्यांची परवानगी घेतलीस का इथं यायला?"

"परवानगी मागितली न्हाई, अप्पा," तनुजा म्हणाली. "सांगून आले."

रेवणप्पांनी तिच्याकडं पाहिलं, मग मुलाकडं. गिऱ्हाइकंही वळून बघू लागली. संगमेशनं पुढं होऊन तिचा हात धरला — अप्पांच्या देखत, भर दुकानात. सोडला नाही.

रेवणप्पा उठले आणि स्वतःची खुर्ची त्यांनी तिच्यापुढं सरकवली.