केसरबाईच्या वाट्याची अक्षरं

यात तिखटमीठ लावलेलं काही नाही. जिच्यावर बेतलं ती चतुराबाई म्हणजे माझ्या आज्याची थोरली बहीण. मी तिच्याच तोंडून तीनदा ऐकलं, आणि तीनही वेळा तिनं एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

साल फसली तेराशे पंचवीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सोळा. निजामाचं राज्य. गाव तेलगावच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, त्या घरची माणसं अजून आहेत.

वेळ रात्रीची नव्हती बरं का.

चैतातली भर दुपार होती.

चतुराबाई सिरसाळ्याची. बाप पोथी वाचायचा, त्यामुळं लेकीलाही अक्षरं यायची. त्या काळात बाईला वाचता येणं म्हणजे नवलच! पण अर्जुनरावाला तशीच हवी होती. त्याची पहिली बायको केसरबाई वारलेली. जमीन बख्खळ, घरात म्हातारी आई छबुबाई, आणि गड्याला नाद एकच... अक्षरांचा पट.

हैदराबादेत कुठं तरी पाहिला आणि गावच्या सुताराकडून करून घेतला. सागवानी पटावर घरं. थैलीत लाकडी सोंगट्या, दर सोंगटीवर एक अक्षर. न बघता सात काढायच्या, शब्द जुळवायचा, आधीच्या शब्दाला जोडून मांडायचा. काना-मात्रा खडूनं द्यायची.

चतुराबाईला खेळ असा काही लागला म्हणता! जेवणं झाली की पट. तिनं 'कणीस' मांडलं की तो त्याच 'स'वरून 'सरपण' उतरवायचा. हरली तर रुसायची, जिंकली तर टाळ्या पिटायची. नवऱ्यासमोर बाईनं मोठ्यानं हसायची सोय नव्हती, पण पटावर सगळं माफ.

आता दुसरेपणाची बायको म्हणजे गळ्यात सवतीचा टाक आलाच. चांदीचा पत्रा, त्यावर मेलेल्या सवतीची मूर्त. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. पहिला घास तिच्या नावानं बाजूला.

"जे जे तू भोगशील, त्यातला पयला वाटा तिचा," छबुबाईनं बजावलं होतं. "इसरलीस तर ती सोडायची न्हाई."

भोळी बाई! एका दुपारी तिच्या मनात आलं, खेळाचं सुख मी एकटीच भोगते, त्याचा वाटा कुठं दिला?

तिनं पटाच्या तिसऱ्या बाजूला एक पाट मांडला. थैलीतून सात सोंगट्या काढून पालथ्या ठेवल्या.

"हे कुणाचं गं?" अर्जुनरावानं विचारलं.

"केसरअक्काचं."

तो खो खो हसला. "तिला काय कळतंय? ठार अडाणी होती ती."

डाव सुरू झाला. मळ्यातली मोट कुरकुरत होती. वळचणीला चिमण्या भांडत होत्या.

मग मोट थांबली.

चिमण्याही थांबल्या.

आणि तिसऱ्या बाजूनं आवाज आला... खट.

एक सोंगटी उताणी झाली होती.

खट... खट.

दोघांचेही हात आपापल्या मांडीवर होते. पटावर तीन अक्षरं ओळीनं लागली. खडू जागचा हलला नव्हता, पण काना उमटला...

भाकर.

अर्जुनराव पांढराफटक पडला. त्यानं घाईनं आपल्या सोंगट्या उचलल्या, डोळ्यांजवळ नेल्या.

"ह्या कुणी बदलल्या? हे काय गिचमिड हाय?"

चतुराबाईनं वाकून पाहिलं. प, ळ, त, म... सगळी अक्षरं ठळक होती. त्यालाच ती वाचता येईनात.

त्या सांजेला त्याच्या गळ्याखाली घास उतरला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाणी जायचं, भाकर बाहेर यायची. वैद्य झाला, अंगारा झाला. नवव्या दिवशी तो उठून बसेना.

तेव्हा म्हातारी फुटली.

"ती का आली, मला ठाव हाय गं," छबुबाई कपाळ बडवत म्हणाली. "पावणे आले की हा केसरला पटावर बसवायचा. शब्द लाव म्हणायचा, लागला तर भाकर. तिला तर 'ग' म्हून ठाव नव्हता. काय बी मांडायची. पावणे पोट धरून हसायचे. मी बी हसले, बाई. दीड साल चाललं हे. ती वाळत वाळत गेली, आन् आमी गावाला ताप आला म्हून सांगितलं."

चतुराबाईच्या मनात एकच आलं. मग अडाणी बाई मेल्यावर अक्षरं शिकली कुठं?

तिचा हात गळ्याशी गेला. रोज दुपारी तो टाक पटाकडं तोंड करून तिच्या छातीवरच असायचा...

पण समोर नवरा मरत होता. अठराव्या वर्षी कपाळ पांढरं होणार होतं. तिनं त्या दुपारपासून कुणी हात न लावलेला पट ओढला, नवऱ्याला भिंतीला टेकवून बसवलं, सोंगट्या पुढ्यात ठेवल्या.

"अक्का," ती हात जोडून म्हणाली, "त्येंचा शब्द लागला तर सोडा त्येन्ला. माझं कुंकू पुसू नका."

त्याच्या बोटांत जीव नव्हता. तिनंच त्याचा हात धरला. 'भाकर'मधल्या 'क'खाली 'प' ठेवला, 'ळ' ठेवला, खडूनं काना ओढला.

कपाळ.

बराच वेळ काही झालं नाही.

मग 'भाकर'च्या सोंगट्या एकेक करून पालथ्या झाल्या...

"आये," अर्जुनराव म्हणाला, "भूक लागली."

अडीच भाकरी खाल्ल्या त्यानं! चतुराबाई आनंदानं रडली. डोळे पुसून तिनं पटाकडं पाहिलं, तर तिथं नुसत्या रेघा होत्या. मुंग्या चालल्यासारख्या. तिनं बापानं दिलेली पोथी उघडली. पानभर मुंग्याच.

तिनं नवऱ्याला रडत रडत सांगितलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. हात धुतले, पंच्याला पुसले. पट समोर ओढला आणि थैली तिच्यापुढं सरकवली.

"अस्सं? बघू तर. लाव शब्द. लागला तर भाकर."

तिला वाटलं, थट्टा करतोय. सांजेला छबुबाईनं तिचं ताट वाढलं नाही. खाली मान घालून चूल सारवत राहिली.

तिसऱ्या दिवशी, भर उन्हात, चतुराबाई अनवाणी सिरसाळ्याला चालत आली. ती परत गेली नाही. पुढं साठ-पासष्ट वर्षं भावाच्या घरी राहिली, पण तिला एक अक्षर कधी वाचता आलं नाही.

मी एकदा विचारलं, "आजी, भुताची लई भीती वाटली असंल ना?"

"अक्का खट करून तरी आली बाबा," ती म्हणाली. "ह्यो जेवला, हात धुतला आन् पट मांडला."

"पण अक्कानं त्याला सोडलं, आणि तुझीच अक्षरं का नेली?"

"शब्द त्येनं कुठं लावला, बाबा? मी लावला. अक्कानं त्यातला वाटा घेतला," ती म्हणाली. अर्जुनराव पुढं पुष्कळ जगला. तिसरं लग्नही केलं म्हणतात. त्या तिसरीचं काय झालं ते विचारायला मी दोनदा त्या घरी गेलो. दोन्ही वेळा माझं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यांनी दार लावून घेतलं.